अर्थ आत्यानं सांगायचा

...कोंदणात अडकलेला मळ काळा नव्हता, पिवळट होता – तूप, साबण, गंध आणि आणखी कशाकशाचा, वर्षानुवर्षं थरावर थर बसत गेलेला, आणि पुष्कराजाच्या चारी दातांखाली इतका घट्ट की टाचणीचं टोक घातलं तर तो तुकड्यानं निघत नव्हता, नुसता मऊ होऊन टोकाला चिकटत होता. भाग्यलक्ष्मीनं टाचणी फडक्याला पुसली आणि पुन्हा घातली. धाकट्या भावाच्या, जयतीर्थाच्या तर्जनीत ही अंगठी तीस-एक वर्षं होती. याच हातानं तो भात कालवायचा, ताक भुरकायचा, बोटं चाटायचा... जेवायला बसताना अंगठी काढून ठेवायची पद्धत त्यांच्या वडिलांची होती, ती वडिलांबरोबर गेली. आणि आज याच अंगठीनं ताटातल्या तांदळावर नाव लिहायचं होतं, बारा वाजून दहा मिनिटांनी, पुरोहित आचारांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर. टोकाला पुन्हा तो लगदा आला. तिनं हात थांबवला नाही. घाण दिसली की ती शेवटपर्यंत पाहायची, ही तिची जुनी खोड होती.

कॉफीच्या वेळी जयतीर्थ वर आला होता. वर म्हणजे धारवाडच्या मळमड्डीतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर, निवृत्त झाल्यावर तिनं बांधून घेतलेल्या एका खोलीत. तो सहसा येत नाही, गुडघे दुखतात म्हणतो. आज गुडघे दुखत नव्हते.

"अक्का, तेवढी अंगठी लख्ख करून दे की. बारीक कामाला तुझाच हात बरा." मग खुर्चीवर न बसता, दाराच्या चौकटीला धरून, "आणि ते अर्थाचं लक्षात आहे न्हवं? कानात नाव सांगून झालं की सगळे विचारणारच. आचार आहेत, गदगची मंडळी आहेत. मी सांगितलं तर म्हणतील, फोनवर वाचून बोलतो. तू सांग. संस्कृत नाव आहे, देवाची कृपा असा अर्थ आहे. एवढंच. तुझं बोलणं लोक मानतात, हौदल्ला? खरं की नाही?"

"संस्कृत नाहीये ते, जयू."

"अगं, असू दे की. तू एकदा म्हटलंस की झालं."

तू एकदा म्हटलंस की झालं! – तो जिना उतरून गेला तरी हे वाक्य खोलीत राहिलं, आंघोळ करून गेलेल्या माणसाच्या मागं न्हाणीत ओलसर वास राहतो तसं. बत्तीस वर्षं तिनं हुबळीच्या कॉलेजात इतिहास शिकवला. रोज सकाळी धारवाडहून बस, रोज संध्याकाळी बस. आणि या बत्तीस वर्षांत पुराव्याशिवाय एक वाक्य वर्गात उच्चारलं नाही, म्हणून मुलं तिला घाबरायची आणि म्हणूनच आज पंचावन्न-साठीचे झालेले तेच विद्यार्थी रस्त्यात स्कूटर थांबवून 'नमस्कार मॅडम' म्हणायचे. तिच्यापाशी दुसरं होतं काय? मूल नाही, नवरा नाही, कपाळ मोकळं. एक शब्द होता, कुणाला कधी न विकलेला. तो जयतीर्थाला आज अर्ध्या मिनिटासाठी हवा होता, शेजारणीकडून परात मागून आणावी तितक्या सहज.

नाव होतं कियान. पाच महिन्यांचा होता तो. गुरुप्रसादचा मुलगा, जयतीर्थाचा नातू. जन्म आयर्लंडमधल्या एका शहरातला, जिथं गुरुप्रसाद आणि त्याची बायको स्मृती नऊ वर्षं नोकरी करत होते. जन्माच्या दाखल्यावर नाव कियान, पासपोर्टवर कियान, विमानाच्या तिकिटावर कियान; आणि आता ते इथं येऊन, जणू अजून ठरायचं आहे अशा थाटात, तांदळावर लिहायचं, कानात सांगायचं, आणि सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं 'अय्यो, किती छान' म्हणायचं. एवढ्यावर भागलं असतं तरी तिनं कानाडोळा केला असता. लोक नाटकं करतात, करू देत. पण जयतीर्थाला नक्षत्रसुद्धा हवं होतं. आचारांनी पत्रिका मांडली तर मृगाचा तिसरा चरण आला, म्हणजे अक्षर 'का'. मग जयतीर्थ दोन दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसला. तिकडची वेळ, इकडची वेळ, उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासभर पुढं. या गोंधळात त्यानं तो तास वजा करायचा तर उलट मिळवला, चरण चौथा झाला आणि अक्षर 'की' आलं. 'बघ अक्का, देवानंच ठरवलंय,' असं तो तिला सांगायला आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. तेच तिला सहन झालं नाही. खोटं बोलणारा माणूस तिला समजायचा. स्वतःच्या खोट्यानं गहिवरणारा माणूस पाहिला की तिला अंग धुवावंसं वाटायचं.

खालून घुगऱ्यांचा वास येत होता, उकडलेल्या हरभऱ्याचा जड, किंचित आंबूस वास, त्यात हयग्रीवासाठी, हरभऱ्याच्या डाळीच्या त्या गोड पदार्थासाठी, ढवळत असलेल्या गुळाचा. तिनं खिडकी उघडली. मागच्या गटारात डुकरीण आडवी पडली होती आणि तिला पाच-सहा पिल्लं लुचत होती. त्यांची गुलाबी-काळी कातडी चिखलानं लदबदलेली, कान हलत होते. तिनं खिडकी लावून घेतली नाही. पंधरा दिवसांपासून तिला डुकरं निराळी दिसायला लागली होती.

पंधरा दिवसांपूर्वी, 'संस्कृत आहे' हे पहिल्यांदा ऐकल्यावर, तिनं फोनवर शोधलं होतं. एका ठिकाणी देवाची कृपा, दुसऱ्या ठिकाणी राजा, तिसऱ्या ठिकाणी इराणचं काहीतरी. जो तो आपापल्या मनाचं लिहून मोकळा. मग तिनं रिक्षा केली आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. तिथं वरच्या फळीवर युरोपातल्या नावांचा एक जाडजूड कोश होता, कुणी वर्षानुवर्षं न उघडलेला, पानांना कसर लागलेली. त्यात ते नाव होतं. आयर्लंडच्या जुन्या केल्टिक भाषेतलं, पुरुषाचं नाव. अर्थ: प्राचीन, दूरचा, फार काळ टिकलेला. त्या नावाचा पूर्वज आपला, असं सांगणारी अख्खी कुळं तिथं होती. हजारेक वर्षांपूर्वी त्या नावाचा एक सरदारपुत्र होता, एका मोठ्या राजाचा जावई, लढाईत पडला. मग इंग्रज आले; आणि त्यांच्या अमलात जुनी नावं कागदावर इंग्रजी कानाला बरी वाटतील अशी लिहिली जाऊ लागली, हेही त्यातलंच एक, शेजारच्या कुठल्याही नावासारखं दिसेल असं. गेल्या शतकात लोकांनी ते पुन्हा खणून वर काढलं आणि मुलांना ठेवायला लागले.

आणि एक गोष्ट होती. फार जुनी, ख्रिस्तही तिथं पोचला नव्हता तेव्हाची. त्या नावाचा एक माणूस माळावरून एकटाच चालला होता. समोरून तीन भाऊ आले, त्याच्या घराण्याचे वैरी. लपायला झाड नाही. दूर डुकरांचा कळप चरत होता, त्यानं डुकराचं रूप घेतलं आणि कळपात शिरला. भावांनी ओळखलंच. त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं आणि पुरलं. जमिनीनं प्रेत बाहेर टाकलं. पुन्हा पुरलं, पुन्हा टाकलं. सहा वेळा. सातव्यांदा जमिनीनं ठेवून घेतलं.

ग्रंथालयातल्या त्या टेबलाशी ती एकटीच हसली होती. जयतीर्थाच्या देवघरासमोर, सोवळ्यात, डुकराच्या कळपात शिरलेल्या माणसाचं नाव! किती बरं झालं असतं हे आचारांना ऐकवायला... पण रिक्षातून परत येताना हसू कुठं गेलं कळलं नाही. राहिली ती जमीन. सहा वेळा नको म्हणणारी. मेलेल्या माणसाला कुठं कळतं, आपल्याला बाहेर टाकलं ते. जिवंत असताना, आपल्याच घरात –

मला कुणी बाहेर टाकलं नव्हतं. मला फक्त आत थांबायला सांगितलं होतं.

छत्तीस वर्षं झाली. याच घरात, खालच्या याच सोप्यात गुरुप्रसादचं बारसं होतं. ती त्याची एकुलती आत्या. नाव आत्यानं ठेवायचं, पाळण्याशी आत्यानं बसायचं, कानात आत्यानं सांगायचं, हा मान दुसऱ्या कुणाचा नसतो. तिनं त्या दिवसासाठी मोरपंखी इरकल नेसली होती. स्वयंपाकघरात ती घुगऱ्यांना फोडणी देत होती आणि जयतीर्थ उंबऱ्याशी आला. अठ्ठावीस वर्षांचा, नवा बाप, अंगावर रेशमी उपरणं. 'अक्का, तू आतच थांब हं. मला काही नाही, पण लोक उगीच बोलतील.' एवढंच. आवाज अगदी मऊ होता. आणि मग समोरच्या घरातल्या गोदूबाईला, जिला गुरुप्रसादच्या जन्माशी काडीचं देणं-घेणं नव्हतं पण जिचा नवरा जिवंत होता, तिला पाळण्याशी बसवलं. बाहेरून 'कुर्रर्र' ऐकू आलं, बायकांचं हसणं ऐकू आलं. भाग्यलक्ष्मीच्या हातात झारा होता. तिनं फोडणी पुरी केली, मीठ घातलं, खोबरं पेरलं. दुसऱ्या दिवशी आठची बस धरून ती हुबळीला गेली आणि बी.ए.च्या वर्गाला एकोणिसाव्या शतकातल्या समाजसुधारणा शिकवल्या, विधवाविवाहाच्या कायद्यासकट, कुठंही न अडखळता.

नाव ठेवायला हात चालत नव्हता. दुपटी धुवायला चालत होता. तीन वर्षं धुतली तिनं गुरुप्रसादची दुपटी, कारण अंबूला, जयतीर्थाच्या बायकोला, साबणानं हाताला भेगा पडायच्या.

आणि तिचं स्वतःचं नाव तरी... आजीचं म्हणून तिला चंद्रभागा ठेवलं होतं. तेविसाव्या वर्षी लग्न झालं, लक्ष्मीपूजन झालं, आणि एका अनोळखी माणसानं, तो वाईट नव्हता, फक्त अनोळखी होता, अंगठीनं तांदळावर लिहिलं: भाग्यलक्ष्मी. चंद्रभागा त्या ताटातच राहिली. तीन वर्षांत तो माणूस तापानं गेला, आणि हे नाव, ज्यात भाग्यही होतं आणि लक्ष्मीही, तिच्या अंगावर तसंच राहिलं, बँकेत, पेन्शनच्या कागदावर, कॉलेजच्या दारावरच्या पाटीवर. सासूनं सुद्धा नंतर त्या नावानं हाक मारली नाही. तिला बिचारीला ते उच्चारताना लाज वाटत असणार. माहेरी सगळे अक्का म्हणायचे. कॉलेजात बी. एल. मॅडम. त्रेचाळीस वर्षांत कुणी तिला नावानं हाक मारली नव्हती, आणि तिला त्याचं दुःख नव्हतं, नुसती शिसारी होती, सुवासिक साबणाच्या वडीवर केस चिकटलेला दिसावा तशी.

"आत्या, झाली का अंगठी?"

गुरुप्रसाद दारात उभा होता. रेशमी धोतर कमरेला सेफ्टी पिन लावून सावरलेलं, अंगावर उपरणं, टक्कल पडायला सुरुवात झालेली. त्याच्या पायांकडं पाहून तिला एकदम त्याची लहानपणची बोटं आठवली, आणि ती आठवल्याचा तिला राग आला. तिनं अंगठी पुसून त्याच्या तळहातावर ठेवली.

"तुला ठाऊक आहे ना, नाव कुठलं आहे ते?"

तो हसला, ओशाळून नव्हे. "ठाऊक आहे की. तिकडचंच आहे. मुद्दाम ठेवलं." मग आत येऊन तिच्या पलंगाच्या कडेवर बसला, धोतर चुरगळेल याची त्याला काळजी नव्हती. "मला तिथं सगळे जीपी म्हणतात, आत्या. पहिल्याच आठवड्यात साहेबानं विचारलं, यापेक्षा छोटं काही आहे का. मी म्हटलं, जीपी म्हणा. लगेच म्हटलं, अर्ध्या सेकंदात. नऊ वर्षं झाली. आता कुणी गुरुप्रसाद म्हटलं तर मीच मागं वळून पाहत नाही. त्याला कुणी तसं विचारू नये, बस."

हे खरं होतं. आज सकाळपासून या घरात उच्चारलं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य, आणि ते ऐकताना तिला जरा हलकं वाटलं. "मग हेच अप्पाला सांग की."

"अप्पांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. आयरिश आहे ते. पहिल्या दिवशीच सांगितलं मी. आईलासुद्धा." तो उठला, अंगठी चिमटीत धरून. "दोन तासांचा प्रश्न आहे, आत्या. गदगचे काका जेवून जातील, मग कोण विचारतंय? तू काय सांगायचं ते सांग. पण अप्पांचा चेहरा... तू ओळखतेसच."

तो गेला. ती तशीच उभी राहिली. म्हणजे जयतीर्थ फसलेला नव्हता. भोळेपणानं फोनवर वाचून खूश झालेला म्हातारा, ही शेवटची सवलत ती त्याला देत आली होती, तीही गेली. त्याला ठाऊक होतं. अंबूला ठाऊक होतं. स्मृतीला होतं, गुरुप्रसादला होतं. सगळ्या घराला ठाऊक होतं, आणि सगळ्या घरानं मिळून ठरवलं होतं की खोटं बोलायला अक्काला पाळण्याशी बसवायचं. म्हणजे यासाठी विधवा चालली. छत्तीस वर्षांत जग बदललं म्हणून नव्हे, भावाला पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. महिन्यापूर्वी जयतीर्थ म्हणाला होता, 'यंदा पाळण्याशी तूच बसायचं, अक्का, कोण काय म्हणतं बघू,' तेव्हा ती खोलीत येऊन दार लावून कितीतरी वेळ एकटीच बसून राहिली होती... ते आठवून आता तिच्या तोंडात कडू पाणी आलं. ती न्हाणीत गेली, चूळ भरली. आरशात पाहिलं नाही.

ठरलं मग. विचारतील तेव्हा सांगायचं. आरडाओरडा नाही, टोमणा नाही. वर्गात सांगायची तसं. हे नाव आपल्याकडचं नाही. मग कुठलं, काय अर्थ, कुणाचं. डुकरासकट. जयतीर्थाचा चेहरा पडेल, पडू दे. तिनं पांढऱ्यावर निळ्या काठाचं पातळ नेसलं. जिना उतरताना तिचे पाय हलके होते, परीक्षेच्या हॉलवर देखरेखीला जाताना असायचे तसे.

सोप्यात निळे फुगे लावले होते. पाळण्याला झेंडूच्या माळा, आणि मध्येच चमचमणारी कागदी इंग्रजी अक्षरं: नाव आधीच लावून टाकलेलं, मुहूर्ताला अजून दहा मिनिटं असताना! कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. आचार ताटातले तांदूळ बोटांनी सारखे करत होते. गुरुप्रसादनं लिहिलं – देवतेचं नाव, महिन्याचं नाव, नक्षत्राचं नाव, आणि चौथं, व्यवहारातलं. बायकांनी बाळाला पाळण्याखालून एकदा, वरून एकदा, असं हातोहात दिलं आणि आत ठेवलं. मग कुणीतरी म्हणालं, "आत्याबाई कुठं आहेत? या, या पुढं." आणि बायका बाजूला सरल्या. तिच्यासाठी वाट झाली.

ती वाकली. पाळण्यात नासलेल्या दुधाचा वास होता. बाळाच्या मानेच्या वळीत दुधाची गुठळी अडकलेली, पांढरी, ओलसर. कुठल्याही दुसऱ्या दिवशी तिनं तोंड फिरवलं असतं. आज तिचं नाक त्या वळीपासून चार बोटांवर होतं आणि तिला तिथून हलायचं नव्हतं. बाळानं तिच्याकडं टक लावून पाहिलं. त्याला काही हवं नव्हतं, तिच्या तोंडून काही वदवून घ्यायचं नव्हतं. तिनं पदराचा आडोसा केला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. एक, दोन, तीन नावं सांगितली, चौथं सांगितलं. कियान. आणि मग तिचं तोंड थांबलंच नाही. हे इथलं नाही, राजा, समुद्रापलीकडचं आहे, फार जुनं आहे, यांना काही ठाऊक नाही... ठाऊक आहे पण सांगत नाहीत... तुझ्या नावाच्या माणसाला जमीन घेत नव्हती, सहा वेळा घेतलं नाही तिनं...

"अगं बाई, अक्का सगळा इतिहासच सांगतायत कानात!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले, आणि 'कुर्रर्र' करून बायकांच्या मुठी तिच्या पाठीवर पडल्या.

ही रीत ती विसरली होती. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे; लटके, हसत हसत. पाच-सहा हात एकदम. बांगड्यांचे आवाज. एक हात जड होता, एक अगदी कोवळा, स्मृतीचा असावा. तिच्या पाठीला किती वर्षांत कुणी हात लावला नव्हता? डॉक्टरनं नळी लावली होती, तीन वर्षांपूर्वी, खोकल्याच्या वेळी. ती वाकलेली होती आणि आता सरळ व्हायला हवं होतं, हात थांबले होते. पण तिची पाठ तशीच राहिली, एक क्षण, दोन क्षण... आणखी एक पडेल म्हणून. हे लक्षात येताच ती ताठ झाली.

"अक्का, अर्थ काय हो नावाचा?" शेजारच्या वैशालीनं विचारलं. ती शाळेत शिक्षिका होती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आचारांनी मान वर केली. जयतीर्थ खांबाला टेकून उभा होता, हातात पेढ्यांचं तबक. त्याच्या ओठांवर तिचं वाक्य तयार होतं, तिच्याआधीच हलत होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"प्राचीन," ती म्हणाली. आवाज वर्गातला आला, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "फार जुना. आणि टिकून राहिलेला."

हे खरं होतं. अक्षरन् अक्षर पुराव्यानिशी. आता पुढचं वाक्य. तिनं श्वास घेतला. वर्गातही ती असा श्वास घ्यायची, मुलांना लिहून घ्यायला वेळ मिळावा म्हणून –

"प्राचीन!" जयतीर्थ म्हणाला. "बघा! मी म्हणत नव्हतो? आपल्या पूर्वजांनी काय काय करून ठेवलंय."

"सनातन," आचारांनी मान डोलावली. "भाळ छलो, भाळ छलो." फार छान, फार छान. गदगच्या काकांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीनं 'कियान' असं एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं आणि ती समाधानानं हसली. पेढे फिरू लागले. गुरुप्रसादनं लांबून तिच्याकडं पाहून डोळे मिटून उघडले, आभार मानल्यासारखे. तिनं एक शब्दही खोटा उच्चारला नव्हता, आणि खोटं पुरं झालं होतं. जयतीर्थाला जमलं नसतं इतकं चोख, कुठूनही न उसवणारं. कारण ते खरं होतं. कारण ते तिनं म्हटलं होतं.

अजून वेळ गेली नव्हती. चार शब्द. हे नाव आपल्याकडचं नाही. लोक अजून तिच्याकडं पाहत होते, कुणाचं तोंड पेढ्यानं भरलेलं होतं; तिनं नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तरी सोपा थांबला असता.

"वन्सं, जरा इकडं वळा." अंबू समोर उभी होती. तिच्या एका हातावर घडी केलेलं नवं लुगडं, त्यावर नारळ. दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा. उघडा. अंबूच्या बोटाला कुंकू लागलेलं होतं, जरा जास्तच, कण खाली लुगड्यावर सांडत होते. बायकांच्या नजरा करंड्यावर गेल्या. अंबूनं इकडं-तिकडं पाहिलं नाही. तिचा चेहरा ओढलेला होता, तिनं हे धाडस करायचं कधीपासून ठरवलं होतं कोण जाणे. की जयतीर्थानं ठरवून दिलं होतं, पेढ्यांबरोबरच? भाग्यलक्ष्मीला ते कळेना, आणि कळून घ्यावंसं वाटेना.

चार शब्द जिभेवर होते. ते आता म्हटले तर हे बोट मध्येच थांबेल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. अंबू गोंधळून मागं वळून नवऱ्याकडं पाहील, करंडा मिटेल, आणि कुणीतरी मऊ आवाजात म्हणेल, अक्का दमलीय, तिला जरा आत बसू दे. ती किळसेची वाट पाहू लागली. छत्तीस वर्षं ही किळस कधी चुकली नव्हती. तिच्याच आधारानं ती या घरात ताठ चालत आली होती, ताट वेगळं, खोली वेगळी, शब्द वेगळा. किळस आली. पण जयतीर्थाची नव्हती, अंबूची नव्हती, मानेच्या वळीतल्या दुधाचीही नव्हती. ती तिच्या स्वतःच्या कपाळाची होती, दोन भुवयांमधल्या त्या रुपयाएवढ्या जागेची, जी आत्ता, या क्षणी, सगळ्या लोकांदेखत, त्या बोटाची वाट पाहत गरम झाली होती... अंबू ठेंगणी होती. तिचा हात नीट पोचत नव्हता. भाग्यलक्ष्मीनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान थोडी आणखी खाली केली.